आजच्यापुरता धीर

सलाम ताई,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यजमानांचं डायलिसिस सव्वा वर्षापासून चालू आहे, आठवड्यातून तीनदा. त्यांची नोकरी सुटली, मुलगी बारावीला आहे, सासूबाई अंथरुणाला टेकल्या आहेत. त्यात घरी प्रार्थनेला आलेल्या एका धर्मसेवकांनी सांगितलं की या घरात विश्वास कमी पडतोय, म्हणून देवाचा हात थांबलाय. त्या दिवसापासून प्रार्थनेला बसलं की तुम्हाला शब्दच सुचत नाहीत. तुम्ही विचारता, देव बळ देतो म्हणतात, मग ते मला का जाणवत नाही? आणि 'धीर धरा, धीर धरा' म्हणजे मी नेमकं करायचं तरी काय?

मी एकतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आहे. त्यातली नऊ वर्षं नगर भागातल्या एका रुग्णालयात खाटांच्या रांगांमधून फिरण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, पण आधी त्या सेवकांच्या बोलण्याचा निकाल लावू, कारण तो काटा निघाल्याशिवाय पुढचं काही पोटात जाणार नाही.

बायबलात, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात प्रेषित पौल सहज एक ओळ लिहून जातो : त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागे ठेवलं. बस, एवढंच. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोग्यांवर ठेवले तर रोग जात, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी अवस्थेत सोडून पुढे गेला. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल तो एक अक्षर काढत नाही. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, उत्तर तेवढं मिळालं : "माझी कृपा तुला पुरे आहे." आता पौलाचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का? त्या सेवकांचा हेतू वाईट नसेल. आजारी घरात शिरल्यावर काहीतरी ठाम बोलल्याशिवाय राहवत नाही, हा आम्हा पाळकांचा जुना रोग आहे. मलाही होता. सेवेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मूल गेलेल्या एका आईला मी वॉर्डाच्या दारात उभं राहून "देवाची इच्छा" म्हणालो होतो. ती काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. ते तोंड फिरवणं मला अजून दिसतं. मुलंबाळं, धनदौलत, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढंच त्यांचं चांगलं काम. बोलायला लागले आणि बिघडलं.

आता 'धीर'. मराठीत आपण धीर धरणं म्हणजे गप्प राहणं समजतो. बाईने तर जास्तच. डोळ्यांत पाणी आणायचं नाही, तक्रार करायची नाही, कुणी विचारलं तर "प्रभूच्या कृपेने बरं चाललंय" म्हणायचं. नव्या करारात धीर म्हणून जिथं येतं तिथं मूळ ग्रीक शब्द बहुतेक ठिकाणी 'हुपोमोने' आहे. त्याची फोड केली तर अर्थ निघतो, खाली टिकून राहणं. ओझं डोक्यावर असताना त्याच्याखालून न निसटणं. आवाज करू नये असं त्यात कुठेच नाही. उलट याकोब आपल्या पत्रात ईयोबाच्या धीराचं नाव घेतो तेव्हा हाच शब्द वापरतो. ईयोब गप्प होता का? तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप देतो आणि पुढची पंचवीस-तीस प्रकरणं देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि पवित्र शास्त्र त्याला धीर म्हणतं! का? कारण तो ओरडला ते देवाच्याच तोंडावर ओरडला. उठून दुसरीकडे गेला नाही.

म्हणून तुम्हाला शब्द सुचत नाहीत याची मला फार काळजी वाटत नाही. शब्द उसने घ्या. बायबलातली स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. तिच्यातली मोठी संख्या रडगाण्यांचीच आहे, आपण मात्र रविवारी तेविसावं आणि शंभरावं तेवढं वाचतो. तेरावं स्तोत्र काढा. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातीलाच 'कोठवर' हा प्रश्न चारदा येतो. ते स्तोत्र निदान शेवटी गाण्यावर येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर येतही नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली त्यांनी ते काढून टाकलं नाही, शेवटी एखादी गोड ओळ चिकटवली नाही. ज्या रात्री काहीच जमत नसेल त्या रात्री तेच मोठ्याने वाचा आणि दिवा मालवा. तीही प्रार्थनाच आहे.

आणखी एक वाक्य लोक तुम्हाला ऐकवत असतील, नसतील तर ऐकवतील : "देव झेपेल तेवढंच ओझं देतो." हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातून उचललेलं आहे, पण तिथं विषय मोहाचा आहे, मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांचा. किडनी निकामी होण्याबद्दल ते वचन नाही. आणि त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल सांगतो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा सुटली. शक्तीपलीकडचा! प्रेषित लिहितोय हे. तेव्हा तुम्हाला झेपत नाही असं वाटत असेल तर तुमचं मोजमाप बरोबर आहे. नाही झेपत. झेपावं अशी अपेक्षाही नाही.

मग देवाची मदत म्हणजे काय? मी इतक्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून माझं मत असं झालंय की ती मदत बहुतेक वेळा आजच्यापुरतीच येते, आणि कुणातरी माणसाच्या हातातून येते. आपण तिची वाट भलत्याच दारात उभं राहून बघत असतो, म्हणून ती आली तरी ओळखू येत नाही.

एलीया संदेष्ट्याचं बघा. कर्मेलावर आकाशातून अग्नी उतरवलेला माणूस, दुसऱ्या दिवशी ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटला आणि बैर-शेब्याच्या पुढे रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. त्यावर देवाने काय केलं? त्याला रागावला नाही, प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाल्लं, प्यायला, पुन्हा आडवा झाला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं, कारण वाट मोठी होती. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी मंद वाणीत बोलला तो प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, पण तो चाळीस दिवसांनंतरचा आहे. आधी झोप, भाकर, पाणी. ताई, तुम्ही शेवटचं सलग सहा तास कधी झोपलात? मी हा प्रश्न पाळक म्हणूनच विचारतोय.

मान्नाचंही तेच, म्हणजे इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणाऱ्या अन्नाचं. रानात माणशी एक ओमर (एक माप), त्या दिवसापुरता. कुणी उद्यासाठी हंड्यात ठेवला तर सकाळी किडे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. म्हणजे चाळीस वर्षं त्या लोकांच्या कोठारात कधीच आठवड्याचं धान्य नव्हतं, आणि तरी ते उपाशी मेले नाहीत. तुम्ही लिहिलंय, "पुढची पाच वर्षं मी कशी काढणार, हे आठवलं की छातीत धस्स होतं." पाच वर्षांचा धीर आज कुणालाच मिळत नाही. बुधवारच्या डायलिसिसचं बळ सोमवारी शोधायला गेलात तर डबा रिकामाच दिसणार. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती रोजची, आणि तीसुद्धा 'आज'.

गेथशेमाने बागेत, येशूला धरलं त्या रात्री, काय झालं तेही याच नजरेने वाचा. लूक सांगतो की दूत आला आणि त्याने येशूला सामर्थ्य दिलं. आपल्याला वाटेल आता शांती आली असेल. पुढचीच ओळ आहे : मग तो अधिक कळवळून प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडू लागला. सामर्थ्य मिळालं ते त्या रात्रीतून पार होण्यासाठी. दुःखाचा प्याला टळला नाही, आणि मन हलकंही झालं नाही. म्हणून 'बळ जाणवत नाही' यावरून बळ नाही असा हिशेब करू नका. सव्वा वर्ष तुम्ही पहाटे उठून डबा करून, यजमानांना घेऊन, बस पकडून जाताय. हे कोण करतंय?

आता माणसांच्या हातांचं. फिलिप्पैकरांस पत्रातलं "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर, रिक्षेच्या मागे, मुलांच्या कंपासपेटीवर, सगळीकडे असतं. त्याच्या पुढची ओवी कुणी छापत नाही. तिथं पौल म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे चांगलं केलंत. म्हणजे तुरुंगात बसलेल्या पौलाला फिलिप्पैच्या मंडळीने पैसे पाठवले होते, एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर, आणि तो बिचारा त्या खटपटीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. चौदावी ओवी काढून टाकली की तेरावी नुसती पहिलवानी वाटते. दुसऱ्या एका ठिकाणी पौल लिहितो की बाहेर भांडणं, आत भीती अशी अवस्था असताना दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने आमचं सांत्वन केलं, कसं? तीत आला, त्याने. एक ओळखीचा माणूस दारात आला.

आणि मला सर्वात आवडणारी जागा म्हणजे पुन्हा तोच तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राचा शेवट. मरण समोर दिसतंय, देमास सोडून गेलाय, पहिल्या जबानीच्या वेळी कुणीच बाजूने उभं राहिलं नाही. तिथं तो म्हणतो, प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला शक्ती दिली. याहून मोठी साक्ष कोणती? पण त्याच पानावर तो तीमथ्याला सांगतोय : त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. प्रभू जवळ उभा आहे, आणि थंडीही वाजते आहे. दोन्ही खरं. झगा मागितल्याने त्याची साक्ष उणी झाली नाही.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. त्यांचं नाव मंडळीत फार मोठ्या आवाजात घेतलं जातं आणि त्यामुळे माणूस हरवतो. बाईचं आयुष्य ओळीने मांडून बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, देशभर पायी हिंडली. थंडीत पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतलं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ साली पतीही कॉलऱ्याने गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, तर कानांनी दगा दिला आणि तो मार्ग बंद झाला. १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुण्याला नेलं, आणि १८९३ साली मुलींच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादळात अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

तुमच्या प्रश्नाशी यातली एक गोष्ट थेट जोडलेली आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. आठ वर्षं! त्या काळात त्यांनी अमेरिका पालथी घातली, पुस्तकं लिहिली, सदन उघडलं, मुलीला वाढवलं. आतून पूर्ण भरलेपण येण्याची वाट बघत त्या बसल्या नाहीत. आणि त्या एकट्याही नव्हत्या. वाँटेजच्या भगिनी होत्या, बोस्टनला १८८७ साली निघालेली त्यांच्या नावाची संस्था होती जिने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं, पुण्यात सहकारी सुंदराबाई पवार होत्या. रमाबाईंनी मदत मागायला कधी कमीपणा मानला नाही. आपल्या पदरच्या मुलींसाठी भीक मागायला लागली तरी मागू, अशा जातीची ती बाई होती.

केडगावला त्यांनी जमीन घेतली ती माळरानाची. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणायला त्या स्वतः गेल्या. हे करताना त्यांना आपली वाळूतली रात्र आठवत असणार, दुसरं काय. नंतर बायबलाचं भाषांतर हाती घेतलं. साध्या, कमी शिकलेल्या बायांना कळेल अशा मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. वर्षानुवर्षं ते काम चाललं. खिळे जुळवायला आणि छापायला त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्या, मुक्ती मिशनमधल्याच मुली. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती एक, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. ऐकू जवळजवळ येत नाही, वय साठीच्या पुढे, लेक गेलेली. आणि बाई मुद्रितं तपासत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, त्यांच्या पाठीमागे.

मनोरमा गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांचा मी पुष्कळ विचार करतो. मुलगी देवाने परत दिली नाही. रोज टेबलावर पुढचं पान होतं, एवढंच. 'देवाचा आधार' या शब्दाचा अर्थ मला तिथं जेवढा कळतो तेवढा एखाद्या मोठ्या चमत्काराच्या साक्षीत कळत नाही. चमत्कार होत नाहीत असं मी म्हणत नाही. वॉर्डात दोन-तीनदा डॉक्टरांनी हात टेकलेला माणूस चालत घरी गेलेला पाहिलाय. पण त्यावर रोजचा संसार उभा करता येत नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. अमालेक्यांशी लढाई चालू असताना, हात वर धरून उभ्या असलेल्या मोशेचे, इस्राएलांच्या पुढाऱ्याचे, हात दमले. अहरोन आणि हूरने काय केलं? त्याच्याखाली एक धोंडा सरकवला, त्याला बसवलं, आणि दोघांनी दोन बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्यास्तापर्यंत. तुम्हाला धोंडाही हवा आणि दोन माणसंही. धोंडा म्हणजे पैशाची आणि दवाखान्याची व्यवस्था. खासगी केंद्रात पैसे भरून डायलिसिस करत असाल तर आधी योजनेतल्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्रांना भेटा; महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि जिल्हा रुग्णालयातही त्याची सोय असते. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून असतात, त्यांना गाठा. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट सगळं एका पिशवीत. हे काम प्रार्थनेपेक्षा हलकं समजू नका. एलीयाची भाकरही कुणीतरी निखाऱ्यावर भाजलीच होती.

आणि दोन माणसं. तुमच्या मंडळीत लोक विचारत असतील, "काही लागलं तर सांगा ताई." आपण म्हणतो, "प्रार्थनेत ठेवा." इथं चूक होते. झगा कुठल्या गावात, कुणाकडे राहिलाय हे पौलाने नावानिशी सांगितलं. तसं सांगा. शनिवारी यजमानांबरोबर केंद्रावर चार तास बसायला एक माणूस हवा. गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंजवळ दोन तास कुणी थांबलं तर मी झोपेन. मुलीचं फिजिक्स कुणी बघेल का? असं नेमकं मागितलं की माणसं येतात. मोघम मागितलं की फक्त माना हलतात. काही येणारही नाहीत, त्याचं दुःख होईल, पौलालाही झालं. माझी पत्नी आजारी होती त्या पावसाळ्यात मला सांत्वन द्यायला पाच-सहा पाळकबंधू येऊन गेले, वचनं वाचून गेले. त्यातलं एकही मला आठवत नाही. आमच्या मंडळीतली एक मावशी आली होती ती आठवते. ती आत गेली, मोरीतली दोन दिवसांची भांडी घासली, ओट्यावर उपडी घातली, आणि "येते हां पाळकसाहेब" म्हणून निघून गेली.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुम्ही लिहिलंय की कधी कधी वाटतं सगळं सोडून कुठंतरी निघून जावं, आणि रात्री जाग येते ती पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, यजमानांच्या नव्हे, स्वतःच्या. गोळी घ्यावी लागली तर घ्या. पौलाबरोबर लूक होता तो वैद्य होता, आणि पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घे असा सल्ला पौलाने तीमथ्याला दिलाय. 'उपास करून बघ' असं लिहिलेलं नाही. आणि मरून जावं असा विचार डोकावला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा. डॉक्टरांना, पाळकांना, शेजारणीला, कुणालाही. एलीयाने तो विचार देवाला तोंडावर सांगितला होता, म्हणून लाजायचं कारण नाही. पण एलीया एकटा होता. तुम्ही एकट्या राहू नका.

यजमानांबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही. सुईला बांधलेला माणूस आपण घराला भार झालो या विचाराने आतून खचत असतो. त्यांना काम द्या. बसल्या जागी मुलीचा अभ्यास विचारणं, घरखर्चाची वही, सकाळचा शास्त्रपाठ वाचणं. आमच्याकडे एक गृहस्थ डायलिसिसच्या खुर्चीवरून रोज पाच घरी फोन करून प्रार्थना करत असत. त्यांचा आवाज बारीक होता, फोन लवकर कट व्हायचा, तरी लोक वाट बघायचे.

शेवटी तुम्ही विचारलंय की रविवारी उपासनेला जाणं जमत नाही, त्याचा दोष लागेल का. दोष कसला? शनिवारचं डायलिसिस, रात्रीचं जागरण, मग रविवारी सकाळी नऊला कोण उभं राहील? पण पूर्ण तोडू नका. महिन्यातून एखाद्या रविवारी तरी मुलीला घेऊन जा, उशीर झाला तर मागच्या बाकावर बसा. गाता आलं नाही तर गाऊ नका. बाजूचे गात असतील, ते ऐका.